बाराव्या पुडीतला गहू

माझ्या नोकरीची गंमत अशी होती की गव्हावर रोग पडला की माझं काम सुरू व्हायचं. पीक निरोगी असलं की मी रिकामा. पौषात आभाळ भरून आलं की गाव हात जोडायचं, हे ढग जाऊ देत म्हणून. आणि मी बांधावर बसून मनातल्या मनात म्हणायचो, दोन दिवस राहू देत रे बाबा. असा माणूस गावाला आवडावा कसा? नळदुर्गात मला तोंडावर 'गहूमुन्शी' म्हणत. पाठीमागं 'तांबेऱ्या' म्हणत, ते मला ठाऊक होतं. दोन्ही नावं खोटी नव्हती.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची. शेती खात्याला तेव्हा जराअत म्हणत आणि दफ्तर सगळं उर्दूत. मी उर्दू शाळेत मिडलपर्यंत शिकलेलो. इंग्रजी जेमतेम, वाचता यायचं, अर्थ अंदाजानं लावायचो. एवढ्या शिदोरीवर मला जे काम मिळालं त्याला हुकमात 'गव्हावरील तांबेऱ्याचे निरीक्षण' असं भारदस्त नाव होतं.

तांबेरा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण हा अंक शहरातही जातो म्हणून सांगतो. ती एक बुरशी. गव्हाच्या देठावर, पानावर विटकरी फोड येतात, ते फुटले की कुंकवासारखी भुकटी सुटते. शेतातून एक चक्कर मारली की धोतर गुडघ्यापर्यंत लाल. ती भुकटी म्हणजेच रोगाचं बी. वाऱ्यावर बसून कोसच्या कोस जाते. पीक आडवं होत नाही, उभंच राहतं, पण दाणा भरत नाही. कापून खळ्यावर आणावं तर हाती कोंडा.

आता खरी मेख. सगळा तांबेरा डोळ्याला सारखा दिसतो, पण आतून त्याच्या जाती निरनिराळ्या. एक जात या गव्हाला धरते आणि त्याला सोडते, दुसरीचं नेमकं उलटं. कुठली जात आलीय हे नुसतं बघून कळत नाही. त्यावर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक तोडगा काढला होता. बारा प्रकारचे गहू ठरवले. ते ओळीनं पेरायचे आणि रोग येऊ द्यायचा. कोण रोगाला बळी पडला, कोण अर्धा पडला, कोण तसाच राहिला, एवढं लिहून काढायचं. त्यावरून जात ओळखायची. पोलीस ओळख परेड घेतात तशी. फक्त इथं चोर एक आणि साक्षीदार बारा. आणि सगळ्या देशांत गहू तेच. त्यामुळं नळदुर्गच्या माझ्या कागदावर 'चौथा पडला, नववा टिकला' असं असलं की ऑस्ट्रेलियात बसलेल्या माणसाला ते तत्काळ समजायचं. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची धड येत नव्हती, पण गव्हाची दोघांनाही येत होती.

माझे वरिष्ठ हाश्मीसाहेब हैदराबादला बसत. उंच, सडपातळ, शेरवानीच्या खिशात कायम एक भिंग. त्यांचा ऑस्ट्रेलियातल्या एका गहू-संशोधकाशी पत्रव्यवहार होता. त्या संशोधकाची सही इतकी किचकट, की नाव आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत लागलं नाही. पाकिटावरच्या तिकिटावर एकदा वळलेल्या शिंगांचा मेंढा होता, म्हणून आम्ही त्यांना मेंढासाहेब म्हणायला लागलो. मेंढासाहेब बी पाठवायचे, आम्ही पेरायचो आणि निरीक्षणं उलट टपाली धाडायचो. उलट टपाली म्हणजे लढाईच्या दिवसांत चार महिने तरी धरा.

पहिल्याच वर्षी माझ्याकडून घोटाळा झाला. आमच्या दफ्तरात फसली, म्हणजे निजाम सरकारचे, महिने चालत: आजर, दै, बहमन, इस्फंदार. मी सवयीनं लिहिलं, 'इस्फंदारात देठावर फोड दिसले.' हाश्मीसाहेब तेव्हा दौऱ्यावर होते, कारकुनानं कागद तसाच पुढं लोटला. मेंढासाहेबांचं अदबीचं पत्र आलं: इस्फंदार हा तांबेऱ्याचा नवा प्रकार आहे काय? असल्यास त्याचं सविस्तर वर्णन कळवावं.

त्यानंतरच्या हंगामात पहिल्यांदाच बाराही गव्हांच्या पुड्या आल्या. खाकी कागदाच्या, बोटाएवढ्या. वाटेत लढाईच्या सेन्सॉरनं सगळ्या फोडून, बघून पुन्हा चिकटवलेल्या. पेरणीसाठी खात्यानं शिवलिंगप्पांच्या मोटेखालच्या रानाची एक पट्टी घेतली होती. शिवलिंगप्पा लिंगायत शेतकरी, चाळिशीचे, बोलायला तोलून मापून. पट्टीला लागूनच त्यांचा स्वतःचा बन्सी गहू होता.

"मुन्शी, रोग पेरायलाय का काय माझ्या बांधाला?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"रोग पेरत नाही हो. रोग येतो का ते बघतो."

"आन् आला तर?"

"तर लिहून घेतो."

ते मोटेकडं निघून गेले.

त्यांची आई गौराक्का मात्र बोलायला कमी नव्हती. साठीची, घरात मराठी-कानडी दोन्ही चालायचं, आणि रागावली की कानडी. मी दोरी लावून बी टोकत होतो तेव्हा ती बांधावर येऊन बसली. मी मोठ्या ऐटीत सांगत होतो: हा पहिला अमेरिकेचा, हा रशियाकडचा. अशा करत बाराव्या पुडीशी आलो. पुडीवरची इंग्रजी अक्षरं मी वाचली, 'खापली'. "आणि हा शेवटचा खापली. हाही तिकडचाच, कुठल्यातरी थंड मुलखातला असणार."

गौराक्कानं हात पुढं केला. "बघू."

तिनं दाणा तळहातावर घोळवला. त्याचं टरफल अंगाला घट्ट चिकटलेलं होतं, ते नखानं काढून बघितलं, दाणा दाताखाली फोडला आणि खो खो हसायला लागली.

"अय्य शिवा! मुन्शी, ही जवे गोधी हाय की! आपली खपली!"

"आक्का, हा गहू समुद्रापलीकडनं आलाय."

"मंग काय झालं? माझी मावसबहीण मुंबईला जाऊन आली, म्हून मडम झाली व्हय? सासूच्या हाताखाली हिला कांडून कांडून घट्टे पडल्यात माझ्या हाताला. हिची हुग्गी, गुळाची खीर, करत्यात लग्नात. मला सांगता?"

म्हणजे परदेशी बियाण्यात गावठी गहू मिसळला! त्याच दिवशी मी हाश्मीसाहेबांना कडक भाषेत अर्ज लिहिला. बाराव्या पुडीत भेसळ आढळली आहे, पाठवणाऱ्यांना जाब विचारावा, वगैरे. खाली ठळक सही.

आठवड्यानं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की भेसळ नाही, पुडी बरोबर आहे. आपल्याकडची खपली पूर्वीच कधीतरी परदेशी नेली गेली. तिला तांबेरा सहसा धरत नाही, हे बघून शास्त्रज्ञांनी तिला बारांत बसवलं. ऑस्ट्रेलियात तर तिचा तिथल्या गव्हाशी संकर करून बघतायत. शेवटी साहेबांच्या हाताची एक ओळ होती: 'मुन्शी साहब, जिस बुज़ुर्ग ख़ातून ने एक दाने से पहचान लिया, उन्हें मेरा आदाब कहना.'

मी तो आदाब पोचवला. गौराक्का म्हणाली, "सायबाला म्हनावं, पुढच्या टायमाला आधी मला इचारत जा."

एवढं होतं तर आपल्याकडं सगळ्यांनी खपलीच का पेरू नये? मीही हेच विचारलं. आक्कानं हाताचे घट्टे दाखवले. बन्सी मळली की दाणा मोकळा. खपली मळूनही टरफल सोडत नाही, उखळात घालून मुसळानं कांडावी लागते. त्या कष्टाला कंटाळून घरोघरच्या बायकांनी ती सोडली होती. आक्काकडचं बीसुद्धा मोडलं होतं.

मग पौष उजाडला आणि ढग आले. चार दिवस उन्हाची तिरीप नाही, सकाळी पानांवर दव लोंबतंय. पाचव्या सकाळी मी पट्टीत गेलो आणि पहिल्या ओळीच्या देठावर बोट फिरवलं. बोट लाल. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतके महिने वाट बघितली होती. वही काढली, भिंग काढलं, लिहायला बसलो. दुपारी मान वर केली तर शिवलिंगप्पा त्यांच्या बन्सीत उभे होते. दोन्ही हात पुढं धरलेले, आणि हात लाल.

आठवडाभरात बन्सी पार विटकरी झाली. आणि जे व्हायचं तेच झालं. सकाळी पट्टीवर गेलो तर गावातले पाच-सहा जण विळे घेऊन उभे. मुन्शीनं परदेशातनं पुड्यांतून रोग आणला, ही पट्टी आत्ताच्या आत्ता कापून जाळायची. शिवलिंगप्पा बाजूला उभे. ते कुणाला अडवत नव्हते, याची मला जास्त भीती वाटली.

"हा रोग बियातून येत नाही," मी म्हणालो. "वाऱ्यावर येतो."

"तुमी सांगनार आन् आमी ऐकनार?" त्यांच्यातला एक म्हणाला. "पैला डाग कुनाच्या रानात दिसला? तुमच्याच न्हवं?"

दिसला होता माझ्याच रानात, कारण रोज भिंग घेऊन बघणारा मी एकटाच. पण हे सांगून पटणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझीही खात्री नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून मी म्हणत होतो. डोळ्यानं कुठं बघितलं होतं? आत्ताच पट्टी कापली तर वर्षाचं काम वाया, नोकरी जाईल ती वेगळीच. आणि माझ्यामुळंच आला असेल तर नोकरी गेलेलीच बरी.

तेवढ्यात गौराक्का आली. "शिवल्या," ती लेकाला म्हणाली, "धा-पंधरा दिस वारं कुठनं वाहायलंय?"

"खालनं. कानडी मुलखाकडनं."

"मंग गाडी जुंप, खालच्या अंगाला जाऊन बघून ये. तितं मुन्शीच्या पुड्या गेल्या न्हाईत. तितं रोग नसंल तर जाळा खुशाल. मी काडी लावते."

शिवलिंगप्पांनी बैलगाडी जुंपली. विळेवाल्यांपैकी एक आणि मी मागं बसलो. दक्षिणेकडं निघालो. वाटेत सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका; शिपायानं गाडीत काय आहे विचारलं, काही नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटल्यासारखं झालं. नाका ओलांडून पहिलं गव्हाचं रान दिसलं तसं शिवलिंगप्पांनी गाडी थांबवली. आम्ही उतरलो. मी देठ मोडून घेतला आणि त्यांच्या हातात दिला.

फोड विटकरी नव्हते, काळे पडले होते. तांबेरा जुना झाला की काळा पडतो. म्हणजे इथं तो आमच्याआधी कितीतरी दिवस येऊन बसला होता. पुढच्या रानात तेच, त्याच्या पुढच्या रानात आणखी काळं. तिथल्या शेतकऱ्यानं आम्हालाच विचारलं, "हे तुमच्याकडनं आलं काय हो?"

विळेवाला परत येताना गाडीत झोपून गेला. मला हलकं वाटत होतं, गाणं म्हणावं इतकं. नळदुर्गचा किल्ला दिसायला लागला तेव्हा शिवलिंगप्पा पहिल्यांदा बोलले.

"मुन्शी, तुमच्यामुळं आलं न्हाय, हे बघितलं म्या."

"हो ना!"

"पन तुमच्यामुळं गेलं बी न्हाय."

तेव्हा तांबेऱ्यावर त्यांना द्यावं असं औषध आमच्याकडं नव्हतं. आम्ही रोगाचं नाव शोधत होतो, आणि त्यांना गहू हवा होता. त्या वर्षी त्यांच्या बन्सीचा दाणा जिऱ्यासारखा निघाला. शेवयांपुरतासुद्धा आला नाही. माझ्या वहीत मात्र त्या हंगामाची नोंद फार सुंदर उतरली होती. ती वही आठवली की आजही जरा ओशाळतो.

नोंद अशी की बहुतेक ओळी कमी-जास्त पडल्या. आणि बारावी, खपलीची, हिरवीगार. देठावर टाचणीएवढे फिकट ठिपके तेवढे, तेही जागच्या जागी वाळलेले. शिवलिंगप्पा रोज सकाळी मोट सोडली की तिथं येऊन उभे राहायचे. एक दिवस आईला घेऊन आले.

"मुन्शी," गौराक्का म्हणाली, "नोंदी झाल्या न्हवं तुमच्या? ही ओळ पिकू द्या. बी मला द्या."

इथं अडचण होती. हुकूम स्पष्ट होता: निरीक्षण संपताच बाराही ओळी उपटून जाळाव्यात, परक्या गव्हाचा एक दाणाही गावात पसरू नये. हुकमामागचं कारण चांगलंच होतं. मी आक्काला तसं सांगितलं. ती भांडली नाही. "बगा तुमी," एवढंच म्हणून गेली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अकरा ओळी उपटल्या आणि जाळल्या. बाराव्या ओळीशी आलो, वाकलो आणि तसाच सरळ झालो. घरी जाऊन अहवालात लिहिलं, 'बाराही ओळी नष्ट केल्या.' नोकरीत मी खोटं लिहिलं ते हे एकदाच, आणि नेमके त्याच फाल्गुनात हाश्मीसाहेब न कळवता तपासणीला आले.

साहेब थेट पट्टीवर. मोकळी काळी जमीन आणि तिच्या कडेला पिकून सोनेरी झालेली एकच ओळ. त्यांनी भिंग काढलं, लोंबी बघितली, अहवाल बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"मुन्शी साहब, ये बारहवीं ओळ राख से दोबारा उगी क्या?"

गौराक्का पदर सावरत पुढं झाली.

"सायब, मुन्शीला बोलू नका. परकं ते त्यांनी जाळलं. ही हितलीच पोर, लांब नांदून माघारी आली. तिला कोन जाळंल?"

साहेबांना मराठी कळायची. त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "हौ," ते म्हणाले, "इनकू जलाना नक्को." मग माझ्या हातून अहवाल घेतला आणि उर्दूत स्वतः दुरुस्ती केली: अकरा परदेशी ओळी नष्ट, बारावी स्थानिक असल्यामुळं मूळ मालकिणीच्या ताब्यात. मला बाजूला घेऊन तिखट शब्दांत झापलं, ते वेगळं. खोटं लिहायचं नाही, पटत नसेल तर तसं लिहायचं. ते मी पुढं पाळलं.

पुढच्या वर्षी शिवलिंगप्पांनी मूठभर खपली लावली, त्याच्या पुढच्या वर्षी वाफा, मग अर्धं रान. तांबेरा आला आणि बन्सी झोडपून गेला, खपली राहिली. त्यांच्या दोन्ही सुना मात्र मला बघितलं की तोंड फिरवायच्या. धाकटी एकदा म्हणालीच, "भाऊजी, तुमचा रोग परवडला, हे कांडन न्हाय परवडत."

हाश्मीसाहेब पुढं रझाकारांच्या गडबडीच्या वर्षात कुठं गेले ते कळलं नाही. पोलीस ॲक्शननंतर मी हैदराबादेत त्यांच्या घरी गेलो तर दुसरं कुटुंब राहत होतं. मी त्यांना कधी नीट शुक्रिया म्हटलं नाही, हे राहूनच गेलं. पण त्याआधी, लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची एक गोष्ट सांगायची आहे.

अहवालाच्या छापील कागदावर 'निरीक्षक' असा रकाना असे. त्यात दर वर्षी माझं नाव. खपली कुणी ओळखली, वारा कुठून येतोय हे कुणाला सुचलं, याचा त्या कागदावर पत्ताच नव्हता. ते मनाला लागून राहिलं होतं. त्या वर्षी मी माझ्या नावापुढं 'आणि गौराक्का' असं लिहून टाकलं. साहेबांनी खोडलं नाही.

चार महिन्यांनी मेंढासाहेबांचं पत्र आलं. वर लिहिलं होतं: 'प्रिय डॉक्टर गौराक्का'.

मी ते तिच्या ओसरीवर बसून मराठीत वाचून दाखवलं. मेंढासाहेबांनी विचारलं होतं की खपलीच्या दाण्याचं टरफल काढताना त्यांच्याकडं दाणे फुटतात; डॉक्टरांच्या भागात कोणती पद्धत वापरतात ते कळवण्याची कृपा व्हावी.

"फुटनारच," आक्का म्हणाली. "कोरडं कांडत असतील. लिवा. आधी पान्याचा हबका मारा, घटकाभर झाकून ठेवा, मंग हलक्या हातानं कांडा, आन् पाखडा. आन् एवढं करून नुसतं बघत बसू नका, गूळ घालून हुग्गी करा."

मी सगळं इंग्रजीत लिहिलं, जमेल तसं. हुग्गीला शब्द सापडेना, म्हणून तशीच ठेवली. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "एक लफ़्ज़ मत काटो."

पुन्हा चार महिने गेले. उत्तर आलं की पाण्याचा उपाय लागू पडला, एक दाणा फुटला नाही, संस्था डॉक्टरांची आभारी आहे. आणि खाली, टाईप केलेल्या पत्रात शाईनं हातानं लिहिलेली एक ओळ: पत्नी विचारते आहे, गूळ म्हणजे काय?

गौराक्कानं हे ऐकलं, उठली, आत गेली. बाहेर आली ती शेराएवढी गुळाची ढेप घेऊन. "सांगून काय कळनार त्या बाईला? हे धाडा."

पत्र्याच्या डब्यात ढेप बसवली, झाकण डाग देऊन बंद केलं आणि अहवालाबरोबर हैदराबादला नेली. आमच्या खात्यातून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला रोगट नमुन्यांसाठीची छापील चिठ्ठी लागायची आणि तिचे सगळे रकाने भरावे लागायचे, नाहीतर टपालवाले घ्यायचे नाहीत. मी पेन घेऊन अडून बसलो. हाश्मीसाहेबांनी चिठ्ठी माझ्या पुढून ओढून घेतली. 'वस्तू' या रकान्यात त्यांनी 'नमुना' लिहिलं. 'पाठवणार' मध्ये लिहिलं 'डॉक्टर गौराक्का, नळदुर्ग'. मग शेवटच्या, 'रोगाची लक्षणे' या रकान्याशी थांबले, खिशातून भिंग काढलं, डब्याच्या झाकणाकडं अगदी गंभीरपणे बघितलं, आणि लिहिलं: 'तांबेरा नाही.'